वात्सल्याचा राज्यव्यवहार

(माजी परराष्ट्रमंत्री स्व. सुषमा स्वराज यांच्या स्मृतिदिनानिमित्त झालेल्या कौटुंबिक एकत्रीकरणातील भाषणाचे शब्दांकन)



सुषमाजींचे स्मरण करावयाचे म्हटले की पहिला मोह होतो तो त्यांच्या वक्तृत्वाविषयी बोलण्याचा. जून १९९६ मध्ये लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाला विरोध करताना त्यांनी केलेले भाषण आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्यातील वाक्येच्या वाक्ये पाठ असलेले कार्यकर्तेही मला ठाऊक आहेत. संस्कृतप्रचुर तरीही प्रवाही हिंदी, आवाजातील ठामपणा आणि समोरच्याला निरुत्तर करतानाही न सुटणारी मर्यादा, हे सारे खरेच. परंतु आज तो मोह आवरावा असे मला वाटते. वक्तृत्वाने माणसे भारावतात. माणसांचे अश्रू पुसले जातात ते कर्तृत्वाने. सुषमाजींच्या निधनानंतर ज्यांना आपल्या घरातले माणूस गेल्यासारखे वाटले, त्यांतील कितीतरी जणांनी त्यांचे एकही भाषण पूर्ण ऐकले नव्हते. त्यांना आठवत होती ती आखातातून परतलेली आपली मुलगी, अडकलेला आपला मुलगा, वेळेवर मिळालेला एखादा व्हिसा.

म्हणून आज एकच प्रश्न आपण विचारात घेऊ. मंत्रिपद आणि मातृत्व या दोन गोष्टी एका जीवनात कशा नांदल्या? मंत्र्याच्या हाती सत्ता असते, आईच्या हाती वात्सल्य. सत्तेला नियम लागतात, वात्सल्य नियम पाहत नाही. मग सुषमाजींनी या दोहोंचा मेळ कसा घातला?

संस्कारांची शिदोरी

सुषमाजींचा जन्म १४ फेब्रुवारी १९५२ रोजी अंबाला छावणीत झाला. माता-पिता मूळचे लाहोरच्या धरमपुरा भागातले. वडील हरदेव शर्मा हे संघाचे निष्ठावान कार्यकर्ते. अंबाल्याच्या सनातन धर्म महाविद्यालयात संस्कृत व राज्यशास्त्र, त्यानंतर चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात विधी, असे त्यांचे शिक्षण झाले. विद्यार्थी परिषदेच्या कामात त्या १९७०च्या सुमारास आल्या. १३ जुलै १९७५ रोजी स्वराज कौशल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तारीख लक्षात घ्या. आणीबाणी लागू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. नवविवाहित दांपत्याचे ते दिवस सुखाच्या बेतांत जायचे. या दोघांचे दिवस बडोदा डायनामाइट खटल्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या बचावाच्या कामात गेले.

१९७७ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्या हरियाणात आमदार आणि कॅबिनेट मंत्री झाल्या. १९८७ मध्ये दुसऱ्यांदा त्याच राज्यात मंत्रिपद आले, या वेळी शिक्षण खात्याचे. कन्या बांसुरी तेव्हा अगदी लहान होती. पुढे राज्यसभा, लोकसभा, १९९६ व १९९८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रिपद, १९९८ मध्येच अल्पकाळ दिल्लीचे मुख्यमंत्रिपद, २००३ मध्ये आरोग्य मंत्रिपद, २००९ ते २०१४ या काळात लोकसभेतील विरोधी पक्षनेतेपद आणि २०१४ ते २०१९ परराष्ट्र मंत्रालय, असा हा चार दशकांचा प्रवास. दिल्लीच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री होत.

या प्रवासात विजय आहेत, तसे पराभवही आहेत. १९९९ साली कर्नाटकातील बेल्लारीत सोनिया गांधी यांच्याविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. हाती मोजके दिवस, मतदारसंघ नवा, भाषा परकी नव्हे पण अपरिचित. त्यांनी कन्नड शिकण्यास आरंभ केला आणि कन्नडमध्येच सभा घेतल्या. सुमारे ५६ हजार मतांनी त्या हरल्या. निवडणूक संपली की मतदारसंघ विसरणारे नेते आपण पाहतो. सुषमाजी त्यानंतर अनेक वर्षे वरमहालक्ष्मीच्या पूजेसाठी बेल्लारीला जात राहिल्या. हरलेल्या गावाशी त्यांनी जडवलेले नाते माहेरवाशिणीचे होते.

तीन आदर्श, एक जीवन

राष्ट्र सेविका समितीच्या परंपरेत जिजामातेकडे मातृत्वाचा, अहल्यादेवींकडे कर्तृत्वाचा आणि झाशीच्या राणीकडे नेतृत्वाचा आदर्श म्हणून पाहिले जाते. हे तीन गुण आपण तीन विभूतींत वाटून पाहतो, त्यामुळे नकळत असा समज होतो की घर सांभाळणारी एक, राज्य सांभाळणारी दुसरी आणि रणात उतरणारी तिसरी. वस्तुतः जिजाऊंनी पुण्याची घडी बसवली, अहल्यादेवींनी पुत्रवियोगाचे दुःख पचवून राज्य चालवले आणि राणीने दत्तक पुत्रासाठीच झाशीचा हक्क सोडला नाही. मातृत्व आणि राज्यकर्तृत्व यांची फारकत आपल्या इतिहासाला मान्यच नाही.

ही फारकत सुषमाजींच्याही आयुष्यात दिसत नाही. कपाळावरची ठसठशीत टिकली, साडी, करवा चौथचे व्रत यांसाठी त्यांनी कधी संकोच केला नाही आणि संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर हिंदीतून भारताची बाजू मांडताना त्यांचा आवाज कधी कापला नाही. गृहिणीचे रूप आणि राष्ट्राच्या प्रतिनिधीचे रूप ही त्यांच्याबाबत दोन वेगळी वस्त्रे नव्हती.

एका मराठी मातेची भेट

या दृष्टीने एका प्रसंगाकडे आपण विशेष लक्ष द्यावे, कारण तो आपल्या महाराष्ट्राच्या काळजाला भिडलेला आहे. कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावल्याचे वृत्त १० एप्रिल २०१७ रोजी आले. दुसऱ्याच दिवशी सुषमाजींनी संसदेत सांगितले की हा केवळ आपल्या माता-पित्यांचा नव्हे तर हिंदुस्थानचा पुत्र आहे. मे महिन्यात भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली आणि १८ मे रोजी शिक्षेला स्थगिती मिळाली. भारताची बाजू मांडणारे विधिज्ञ हरीश साळवे हे मूळचे नागपूरचे. त्यांनी या कामासाठी केवळ एक रुपया शुल्क घेण्याचे ठरवले होते.

न्यायालयीन लढा एकीकडे, दुसरीकडे एका आईची तगमग. जाधव यांच्या मातोश्रींना पाकिस्तानने व्हिसा द्यावा यासाठी सुषमाजींनी पाकिस्तानच्या परराष्ट्र व्यवहार सल्लागारांना स्वतः पत्र लिहिले. त्या पत्राची साधी पोचही आली नाही. अखेर २५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादेत माता आणि पत्नी यांची जाधवांशी भेट झाली, तीही काचेच्या आडून. तीन दिवसांनी सुषमाजींनी संसदेत जे निवेदन केले, ते ऐकताना सभागृह स्तब्ध झाले होते.

त्यांनी सांगितले की भेटीपूर्वी दोघींच्या कपाळावरची टिकली, बांगड्या आणि मंगळसूत्र काढायला लावले. नेहमी साडी नेसणाऱ्या आईला वेश बदलायला लावला. पत्नीची पादत्राणे परत दिली नाहीत. आईला मुलाशी आपल्या मराठीत बोलावयाचे होते. तिला पुन्हा पुन्हा अडवण्यात आले आणि ती तरीही बोलत राहिली तेव्हा संवादाचे यंत्र बंद करण्यात आले. आईचा मोकळा गळा आणि कोरे कपाळ पाहून जाधवांनी पहिला प्रश्न विचारला, तो वडिलांच्या प्रकृतीचा. बाबा कसे आहेत?

भगिनींनो, या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परराष्ट्र खात्याच्या शिष्टाचाराच्या पुस्तकात टिकली आणि मंगळसूत्र यांना स्थान नसते. एखाद्या रूक्ष अधिकाऱ्याने भेटीच्या अटींचा भंग झाला, एवढेच नोंदवले असते. सुषमाजींनी मात्र जाणले की या भेटीत घडलेला सर्वांत मोठा भंग हाच होता. एका सौभाग्यवतीला तिच्या पुत्रासमोर वैधव्याच्या वेशात उभे केले गेले, हे त्यांनी संसदेच्या पटलावर, राष्ट्राच्या इतिहासात नोंदवले. मातृहृदयाला जे दिसते ते मंत्र्याच्या लेखणीने लिहिले गेले, म्हणून ते निवेदन इतके प्रभावी ठरले.

अश्रूंचा नियम झाला

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वात्सल्याची एक मर्यादा असते. आई आपल्या लेकरांना ओळखते. मंत्र्याला सव्वाशे कोटी लेकरे असतात. ज्याची हाक कानावर पडली त्याला मदत मिळाली आणि ज्याला हाक मारताच आली नाही तो तसाच राहिला, असे झाले तर ते वात्सल्य नव्हे, तो योगायोग झाला. ट्विटरवरून कोणी संकटात असल्याचे कळवावे आणि सुषमाजींनी तत्काळ दखल घ्यावी, हे आपण सर्वांनी पाहिले. एकाने तर बिघडलेल्या फ्रीजची तक्रार त्यांच्याकडे केली, तेव्हा आपण संकटातील माणसांच्या कामात व्यग्र आहोत, असे त्याला भाऊ म्हणून संबोधत त्यांनी उत्तर दिले. या गोष्टी लोकप्रिय झाल्या. परंतु त्यांची खरी थोरवी या हाकांच्या पुढे गेली यात आहे.

परदेशातील भारतीयांच्या तक्रारी नोंदवून त्यांचा पाठपुरावा व्हावा यासाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये 'मदद' हे संकेतस्थळ सुरू झाले. म्हणजे मंत्र्याच्या दृष्टीस न पडलेल्या तक्रारीलाही एक क्रमांक मिळाला आणि त्या क्रमांकाला उत्तर देणे दूतावासाला भाग पडले. जानेवारी २०१७ पासून मैसुरू आणि दाहोद येथून टपाल कार्यालयांत पारपत्र सेवा केंद्रे सुरू झाली. सुषमाजी मंत्री झाल्या तेव्हा संपूर्ण देशात ७७ पारपत्र सेवा केंद्रे होती. सुषमाजींनी पद सोडले तेव्हा टपाल कार्यालयांतील केंद्रांची संख्या चारशेच्या वर गेली होती. गावाकडच्या मुलाला एका पारपत्रासाठी महानगरात मुक्काम ठोकावा लागत होता, तो त्रास यामुळे पुष्कळ कमी झाला.

आणि डिसेंबर २०१६ मधील एक निर्णय तर प्रत्येक मातेने लक्षात ठेवावा असा आहे. त्या वेळेपर्यंत पारपत्राच्या अर्जात आई आणि वडील दोघांचीही नावे द्यावी लागत. पतीने टाकून दिलेली, एकटीने मूल वाढवणारी स्त्री त्या रकान्यापाशी अडत असे. अनाथालयातील मुलाजवळ जन्मतारखेचा दाखला नसे. घटस्फोटितेला ज्याच्याशी संबंध उरला नाही त्याचे नाव लिहावे लागे. साधू-संन्याशांनी पूर्वाश्रम सोडलेला, तरी त्यांना जन्मदात्यांचे नाव विचारले जाई. नव्या नियमांनी माता, पिता किंवा पालक यांपैकी एकाचेच नाव पुरेसे ठरले. अनाथालयाच्या प्रमुखाचे निवेदन जन्मतारखेसाठी ग्राह्य मानले गेले. विवाहाचा दाखला देण्याची सक्ती गेली. संन्याशाला माता-पित्यांच्या जागी गुरूचे नाव देण्याची मुभा मिळाली.

हे नियम २३ डिसेंबरला जाहीर झाले. १० डिसेंबरला दिल्लीच्या एम्स रुग्णालयात सुषमाजींवर मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली होती. शस्त्रक्रियेला दोन आठवडे व्हायच्या आत त्यांच्या मंत्रालयाने एकल मातेला हा अधिकार दिला. त्या मातेने सुषमाजींना कधी हाक मारली नसेल, त्यांचे नावही तिला ठाऊक नसेल. तरीही तिच्या लेकराच्या अर्जातला अडथळा दूर झाला. अश्रू पुसणे ही करुणा आहे; अश्रू येण्याचे कारणच दूर करणारा नियम करणे हा वात्सल्याचा राज्यव्यवहार आहे.

आशा आणि सत्य

अशा जीवनात सारे सुखान्तच असतात असे नाही. जून २०१४ मध्ये, म्हणजे मंत्रिपद स्वीकारल्यावर काही दिवसांतच, इराकमधील संकट उभे राहिले. तिक्रीतमध्ये अडकलेल्या, बहुतांश केरळच्या, ४६ परिचारिका जुलैच्या आरंभी सुखरूप परतल्या. पुढच्या वर्षी युद्धग्रस्त येमेनमधून साडेचार हजारांहून अधिक भारतीय आणि चाळीसहून अधिक देशांचे नऊशेवर नागरिक सोडवून आणले गेले. सौदी अरेबियात २०१६ मध्ये हजारो भारतीय कामगारांचे काम गेले, पगार थकले, तेव्हा दूतावासाने त्यांच्या अन्नाची सोय केली.

पण मोसुलमध्ये अपहरण झालेले ३९ भारतीय कामगार परतले नाहीत. त्यांच्यातून निसटून आलेला एक जण सांगत होता की सर्वांना गोळ्या घातल्या गेल्या. सुषमाजींची भूमिका अशी की पुराव्याशिवाय कोणाला मृत घोषित करणे हे पाप आहे आणि ते आपण करणार नाही. मोसुल मुक्त झाल्यावर शोध घेतला गेला, बदूश येथील टेकडीखालून अवशेष काढले गेले, डीएनए जुळवले गेले आणि २० मार्च २०१८ रोजी त्यांनी राज्यसभेत ती दुःखद वार्ता सांगितली. त्यावर टीका झाली. चार वर्षे खोटी आशा दाखवली, असे काहींनी म्हटले. आम्हाला आधी न कळवता दूरचित्रवाणीवरून कळले, अशी काही कुटुंबांची व्यथा होती. ही व्यथा खरी होती, ती आपण नाकारू नये. ज्या घरात चार वर्षे दिवा लावून वाट पाहिली गेली, त्या घराला राग येण्याचा अधिकार आहे.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. मृत्यू मान्य केला असता तर शोध थांबला असता. फाइल बंद करणे हे सरकारसाठी सर्वांत सोपे काम असते. आई फाइल बंद करत नाही. त्या कुटुंबांना अखेर आपल्या माणसाचे अंत्यसंस्कार करता आले ते शोध चालू राहिल्यामुळेच. आशा आणि सत्य यांच्या मधला हा मार्ग किती कठीण आहे, हे सत्तेच्या बाहेर बसून सांगणे सोपे नाही.

आपल्यासाठी प्रश्न

आणखी एक गोष्ट मी येथे बोलणार आहे, कारण हे आपलेच व्यासपीठ आहे. जून २०१८ मध्ये लखनौतील एका पारपत्र प्रकरणावरून सुषमाजींवर समाजमाध्यमांतून अत्यंत हीन भाषेत टीका झाली. त्यांच्या आजारपणाचाही उपहास झाला. खेदाची बाब अशी की लिहिणाऱ्यांपैकी कित्येक जण स्वतःला राष्ट्रवादी विचाराचे म्हणवत होते. त्या प्रकरणातील निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. अधिकाऱ्याची बाजू ऐकली गेली का, असे विचारण्यात काही गैर नाही. पण ज्या स्त्रीने अर्धे आयुष्य या विचारासाठी वेचले, तिच्याविषयी अशी भाषा वापरणारा आपल्या विचाराचा कसा? सुषमाजींनी ते अपशब्द लपवले नाहीत, उलट लोकांसमोर ठेवले आणि तुम्हाला हे मान्य आहे का, असा जाहीर प्रश्न केला. मतभेद अवश्य व्यक्त करा, पण सभ्य भाषेत, एवढेच त्यांचे मागणे होते.

तो प्रश्न आजही आपल्यापुढे आहे. मातृशक्तीचा जयघोष करणे सोपे आहे; आपल्या मनासारखे न वागणाऱ्या मातेशीही मर्यादेने बोलणे ही त्या जयघोषाची परीक्षा आहे. आपल्या घरातील तरुणांच्या हाती जो मोबाइल आहे, त्यातून काय लिहिले जाते, याची विचारपूस प्रत्येक कुटुंबाने करावी. संस्कार शाखेत, देवघरात आणि जेवणाच्या पंगतीत होतात. त्यांची कसोटी आज पडद्यावर लागते.

ऋण

लहानपणी चुकून पाकिस्तानात पोहोचलेली, ऐकू-बोलू न शकणारी गीता आपल्याला आठवत असेल. कराचीतील ईधी फाउंडेशनने तिला सांभाळले. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली तेव्हा सुषमाजींनी तिला हिंदुस्थानची कन्या म्हटले. ज्या कुटुंबाला तिने छायाचित्रावरून ओळखले होते, त्यांच्याशी डीएनए जुळला नाही. सुषमाजींनी शोध सोडला नाही; तिच्या आईवडिलांचा पत्ता देणाऱ्यास पारितोषिक जाहीर केले, लोकांना आवाहने केली. तो शोध त्यांच्या हयातीत पूर्ण झाला नाही. २०२१ मध्ये तिची आई आपल्या मराठवाड्यात सापडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानची कन्या मराठी मातीतली असल्याचे ते वृत्त ऐकावयास सुषमाजी नव्हत्या.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा जाधव प्रकरणातील निकाल १७ जुलै २०१९ रोजी आला. पंधरा विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने पाकिस्तानला शिक्षेचा पुनर्विचार करावयास आणि भारतीय अधिकाऱ्यांना जाधवांची भेट घेऊ द्यावयास सांगितले. सुषमाजी तेव्हा मंत्री नव्हत्या. प्रकृतीमुळे निवडणूक न लढवण्याचे त्यांनी आधीच जाहीर केले होते आणि पद जाताच शासकीय निवासस्थानही सोडले होते. ६ ऑगस्टच्या संध्याकाळी, कलम ३७० विषयीच्या निर्णयाबद्दल पंतप्रधानांचे अभिनंदन करून झाल्यावर, त्यांनी साळवे यांना दूरध्वनी केला. तुमचा एक रुपया द्यावयाचा राहिला आहे, उद्या येऊन घेऊन जा, असे सांगितले. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच रात्री एम्समध्ये त्यांची प्राणज्योत मालवली. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार कन्या बांसुरी यांनी केले. सप्टेंबरमध्ये त्यांनीच साळवे यांना तो एक रुपया नेऊन दिला.

एका रुपयाचे मोल ते काय? पण आईने दिलेला शब्द लेकीने पाळला. घरातल्या संस्काराचा याहून मोठा दाखला कोणता हवा? २०२० मध्ये सुषमाजींना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले, दिल्लीतील प्रवासी भारतीय केंद्राला आणि परराष्ट्र सेवा संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. २०२४ मध्ये बांसुरी स्वराज नवी दिल्लीतून लोकसभेवर निवडून आल्या. हे सन्मान योग्यच आहेत.

मात्र आपले ऋण सन्मानांनी फिटणारे नाही. आपल्यापैकी कोणी तहसील कार्यालयात आहे, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी नगरपालिकेत. आपल्या मेजासमोर उद्या एखादी एकटी स्त्री अर्ज घेऊन उभी राहील आणि एखाद्या रकान्यापाशी अडेल. तेव्हा नियम वाचून तिला परत पाठवायचे, की नियमातून तिच्यासाठी वाट काढायची आणि वाटच नसेल तर तो नियम बदलावा म्हणून वरिष्ठांकडे टिपण पाठवायचे, हे आपल्या हाती आहे. ते टिपण आपण लिहिले, तर सुषमाजींचे स्मरण आपण खऱ्या अर्थाने केले असे होईल.